ढगोबाच्या पोटातला पहारा

मी पहारा बोलतोय. एका माणसाच्या मोठ्या आतड्यातला पहारा. सध्या माझा मुक्काम एका प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या बरणीत आहे. बरणीत फॉर्मलिन भरलंय, म्हणजे कुजू न देणारं औषध. वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर नंबर आहे, त्या माणसाचं नाव आहे, वय एक्केचाळीस आहे. माणूस मात्र आता नाही.

आतड्याचा तुकडा बोलतो कसा, हे विचारत बसू नका. बोलायलाच हवं अशी वेळ आली म्हणून बोलतोय. त्या माणसाच्या घरात असं म्हटलं जातं, की बायकोच्या हातच्या जेवणानं त्याच्या पोटाची वाट लागली आणि तो गेला. हे साफ खोटं आहे. त्याला मी मारलं. तिचा यात काडीचाही दोष नाही. हे एवढं त्या घरात सगळ्यांना कळावं, यासाठी माझा जीव टांगणीला लागलाय. म्हणजे, जो काही उरलाय तो.

पहारा म्हणजे दारावर काठी घेऊन बसलेला एकटा शिपाई समजू नका. आम्ही कोट्यवधी पेशी आहोत. माणसाला वाटतं, आपल्याला रोगांपासून वाचवणारी फौज रक्तात फिरत असते. फिरते की, पण त्यातली निम्म्याहून जास्त फौज आतड्याच्या भिंतीत तळ ठोकून असते. कारण सरळ आहे. बाहेरचं सगळं जग माणूस रोज तोंडानं आत घेतो आणि ते आमच्या दारावरून जातं. आतड्याच्या अस्तराची जाडी किती असेल? एका पेशीएवढी. त्याच्या पलीकडे अगणित जंतू, अलीकडे माणूस, आणि मध्ये आम्ही, डोळ्यांत तेल घालून.

मला दिसत काही नसे, पण ऐकू सगळं यायचं. जन्मलो तेव्हा मी अगदी अडाणी होतो. आईच्या दुधाबरोबर पहिले जंतू आले, मग फरशीवर रांगताना तोंडात घातलेल्या किल्ल्या, चपला, चमचे यांच्याबरोबर आणखी आले. प्रत्येकाला मी हुंगायचो. कुणाला मारायचं हे पटकन शिकलो. कुणाला सोडायचं हे शिकायला मात्र दोन-तीन वर्षं गेली, आणि खरं शिक्षण तेच. बहुतेक जंतू बिचारे गरीब शेजारी असतात. अन्न पचवायला मदत करतात, भिंतीची डागडुजी करतात. त्यांच्यावर हात उगारायचा नसतो.

म्हणून आमच्यात मारणारे असतात तसे 'पुरे' म्हणणारेही असतात. ते लढत नाहीत. शत्रू संपला की चौकीचौकीवर जाऊन 'पुरे, पुरे' म्हणत राहायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांचा आवाज चालू आहे तोवर आम्ही शांत. तो आवाज बंद झाला की आम्ही थांबत नाही, उलट आम्हाला वाटतं लढाई चालूच आहे. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा. माणूस गेला तो याच घोळात.

माझा मालक मोठा झाला आणि उंच चढला, अगदी शब्दशः. मोठ्या इमारती बांधताना जी लोखंडी क्रेन उभी असते, तिच्या केबिनमध्ये बसून तो माल उचलायचा. जमिनीपासून साठ मीटर वर. वर जायला लिफ्ट नाही, क्रेनच्या खांबात उभी शिडी. चढायला वीस मिनिटं, उतरायला पंधरा. साइटवर सगळे त्याला ढगोबा म्हणायचे आणि तोही या नावावर खूश असायचा.

खाली हुकाला माल अडकवून वॉकीटॉकीवर इशारे देणारा माणूस म्हणजे त्याचा दोस्त. त्याचा आवाज असा, की वॉकीटॉकी कशाला दिलाय असं लोक विचारत. त्याचं नाव पडलं होतं भोंगा. वरून ढगोबाला माल नेमका कुठं टेकतोय ते दिसायचं नाही. तो भोंग्याच्या शब्दावर हात चालवायचा. "सोड... सोड... सोड..." असा शब्द येत राहिला तोवर माल खाली जात राहायचा. शब्द थांबला की हात थांबला. 'थांब' असं कुणी सांगायचंच नाही, असा त्यांचा नियम होता. बॅटरी संपली, सांगणारा घसरून पडला, काहीही झालं, तरी सांगणारा गप्प झाल्याबरोबर माल जागच्या जागी थांबला पाहिजे. या नियमावर बारा वर्षं गेली आणि त्याच्या हातून कुणाला साधं खरचटलंही नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा.

पण साठ मीटरवर संडास नसतो. लघवीपुरती बाटली असते, बाकी सगळं आवरून धरायचं. स्लॅब ओतायच्या दिवशी तर सकाळी वर गेलेला माणूस संध्याकाळीच खाली यायचा. म्हणून ढगोबानं स्वतःला एक सवय लावून घेतली. कामावर असताना खायचंच नाही.

आता घरची माणसं सांगतो. घरात तिघंच, तो, बायको आणि त्याची आई. बायको घरी शाळेचे गणवेश शिवायची. सकाळी आधी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज, मग डब्याची कडी बंद झाल्याचा खटका, आणि तो बाहेर पडेपर्यंत शिलाईमशीन सुरू झालेलं असायचं. तीन कप्प्यांचा डबा ती भरून द्यायची. तो डबा ढगोबा शिडीच्या पायथ्याशी भोंग्याच्या हातात ठेवायचा.

"अरे, रोज रोज काय हे? वहिनींना कळलं तर मला झाडूनं मारतील," भोंगा म्हणायचा.

"तू खा. मला वर चालत नाही. डबा रिकामा घरी गेला पाहिजे, एवढं बघ."

"मला काय, मी खातो. वहिनींच्या हाताला चव आहे. तुझंच नशीब फुटकं."

संध्याकाळी घरी बायको डबा उघडून बघायची. "संपवलात?"

"संपवला."

"मीठ बरोबर होतं ना?"

"एकदम बरोबर."

पोटात कण गेलेला नसायचा. मला माहीत असायचं ना! तिच्या आवाजात त्या क्षणी जो आनंद यायचा, तो ऐकून मला शरमेनं कानकोंडं व्हायचं. पण बोलणार कोण?

तीन वर्षांपूर्वी साइटवरच्या पाण्याच्या टाकीत काहीतरी मरून पडलं होतं. अर्धी साइट जुलाबानं आडवी झाली. आमच्याकडेही एक जहाल जंतू उतरला आणि मी कामाला लागलो. चार दिवस घमासान. पाचव्या दिवशी शत्रू संपला. बाकीच्या कामगारांच्या पोटातले पहारे आपापल्या चौकीत परत गेले. मी नाही गेलो.

का नाही गेलो, ते मला सांगता येत नाही. डॉक्टर मंडळीही याचं एकच उत्तर देत नाहीत. काहींच्या घराण्यातच पहारा तापट असतो म्हणतात. काहींचे आतड्यातले शेजारी औषधांनी उजाड झालेले असतात. मला एवढंच आठवतं, की 'पुरे' म्हणणाऱ्यांचा आवाज मला ऐकू येईनासा झाला. आणि एकदा हत्यार उपसल्यावर समोर कुणीतरी लागतंच. मी अडतीस वर्षांच्या शेजाऱ्यांवर तुटून पडलो. मग भिंतीवर. ज्या भिंतीची राखण करायला मला बसवलं होतं, तिलाच मी ओरबाडलं. अस्तर सोलवटून निघालं, जखमा झाल्या, रक्त वाहू लागलं.

ढगोबानं ते रक्त पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यानं दोन बादल्या पाणी ओतलं आणि तो बाहेर आला. कुणाला काही बोलला नाही.

माणसांची ही खोड मला कधी कळली नाही. एरवी त्यांच्या तोंडी सारखं पोट असतं. पोटात कावळे ओरडतात, पोटात गोळा येतो, कुणी कुणाच्या पोटावर पाय देतं. पण खरोखर पोटाला काही झालं, की सगळे मिठाची गुळणी धरून बसतात. हात मोडला तर प्लॅस्टरवर सह्या घेतात. संडासला रक्त पडतं हे मात्र सख्ख्या बायकोला सांगत नाहीत.

भोंग्यापासून मात्र लपणार कसं? दिवसातून तीनतीनदा ढगोबा शिडी उतरायला लागला.

"अरे, कुणाला तरी दाखव," भोंगा म्हणाला.

"दाखवलं की कागदावर लिहितात. लिहिलं की वर्षाच्या तपासणीत सापडतं. मग खाली बसवतील."

"मग बस की खाली. माझ्यासारखा."

ढगोबा म्हणाला, "खाली मला काय येतं रे?"

त्याचं वजन उतरत गेलं. चौदा किलो गेले. एके दिवशी संध्याकाळी जेवताना आईचा तोल सुटला.

"अगं, तू याला घालतेस तरी काय? हाडं वर आली पोराची."

"आई, डबा रोज संपवून आणतात ते."

"संपवून आणतो आणि असा वाळतो? मग अन्नच अंगी लागत नाही त्याच्या. तुझ्या हातातच काहीतरी आहे. माझ्या हातचं खायचा तेव्हा कसा होता, विचार कुणालाही."

बायकोच्या वाटीत चमचा फिरत राहिल्याचा आवाज तेवढा येत होता. ढगोबाला एक वाक्य बोलायचं होतं. 'आई, मी डबा खातच नाही.' बस्स, एवढंच. ते वाक्य छातीतून वर चढलं, गळ्यापर्यंत आलं, आणि त्यानं ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. माणूस जे जे गिळतो ते शेवटी माझ्याकडेच येतं.

त्या दिवसापासून त्या बाईनं स्वयंपाकाची परीक्षा मांडली. तिखट बंद केलं. तेल चमच्यानं मोजू लागली. पाणी वीस वीस मिनिटं उकळायची. पीठ तीनदा चाळायची. आणि तो सगळा मऊ, बेचव, जपून केलेला डबा भोंगा मुकाट्यानं खायचा. "वहिनींची चव गेली रे," एवढंच एकदा म्हणाला.

शेवटी धुण्याच्या कपड्यांवर तिला रक्त दिसलं. तिनं शिलाईमशीन बंद ठेवलं, नवऱ्याला उठवलं आणि डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कॅमेऱ्याची नळी आत घातली. माझ्या आयुष्यात उजेड आला तो तेव्हा पहिल्यांदा, आणि त्या उजेडात माझे प्रताप दिसले.

"जंतू नाहीत," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या शरीराचा पहाराच उलटलाय, स्वतःच्या आतड्यावर. आजार जुना आहे आणि सोबत राहणार. औषधांनी ताब्यात ठेवता येतो."

"खाण्यानं झालं का?" ढगोबानं विचारलं.

"नाही. खाण्यानं हा आजार होत नाही."

बायको बाहेर बाकावर बसली होती. तो बाहेर आला तशी ती उठली. "काय म्हणाले?"

"सूज आहे. गोळ्या दिल्यात."

"जेवणाचं काही बोलले?"

आता खरं सांगायचं, तर जन्मभराचा आजार सांगावा लागणार. तो सांगितला तर ही क्रेनवर चढू देणार नाही. ढगोबाला लवकरात लवकर तो विषय संपवायचा होता. तो म्हणाला, "तिखट कमी म्हणाले."

त्या तीन शब्दांइतकी खोल जखम मी त्या भिंतीला कधी केली नव्हती. ती हळूच म्हणाली, "अजून कमी करते." मी एवढा निर्दय, पण त्या क्षणी मलाही त्याचा राग आला.

गोळ्या मात्र गुणाच्या होत्या. रोज आठ. 'पुरे' म्हणणाऱ्यांचा हरवलेला आवाज त्या गोळ्यांना होता. तिसऱ्या दिवशी माझे हात ढिले पडले. आठवड्यात रक्त थांबलं. त्याला भूक लागू लागली. एके दिवशी तर तो डबा घेऊन वर गेला आणि केबिनमध्ये बसून त्यानं सगळा चाटून पुसून खाल्ला. खालून भोंगा वॉकीटॉकीवर ओरडला, "माझ्या पोटावर पाय दिलास की रे!" ढगोबा मोकळेपणी हसला. तीन वर्षांत त्याचं पोट पहिल्यांदा हसण्यानं हललं. ते पंधरा दिवस माझ्याही आयुष्यातले बरे दिवस.

गोळ्या दिल्या त्या दिवशी डॉक्टर घाईत होते. "दोन आठवड्यांनी या, पुढचं मी सांगेन," एवढंच बोलले होते. गोळ्या पायरीपायरीनं कमी करायच्या असतात, एकदम सोडायच्या नसतात, हे ते पुढच्या वेळी सांगणार असावेत. दोन आठवड्यांनी नवराबायको गेले, तर दवाखान्याला कुलूप. दारावर कागद होता, डॉक्टर दहा दिवस बाहेरगावी. फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. गोळ्यांची शेवटची पट्टी सकाळीच संपली होती.

"दुकानातून आणखी एक पट्टी आणू का?" बायकोनं विचारलं.

"नको. पुढचं सांगतो म्हणाले होते. सांगितलं नाही. सांगणारा गप्प झाला की हात थांबवायचा."

"अहो, ते क्रेनवर."

"सगळीकडे तेच असतं. सांगणारा नसताना जो पुढे चालवतो, त्याच्याच हातून माणूस मरतो."

बारा वर्षं त्याच नियमावर त्यानं खालची माणसं जिवंत ठेवली होती. त्याला वेडा कसं म्हणू? पण माझा नियम उलटा आहे हो! क्रेनवर शांतता म्हणजे थांबणं. माझ्याकडे शांतता म्हणजे हल्ला. मी आतून कळा मारून सांगत होतो, अरे, आवाज बंद करू नकोस, माझ्यावर भरवसा ठेवू नकोस. त्याला वाटलं, गॅस झालाय.

नवव्या दिवशी दुपारी तो वर होता. अंगात ताप फणफणत होता. पोट फुगून पट्ट्यावर आलं होतं. हुकाला लोखंडी सळ्यांची मोळी लटकत होती आणि खाली पाच माणसं होती.

"सोड... सोड... सोड..." भोंगा सांगत होता.

मी तेव्हा भिंत जवळजवळ फोडलेली होती. तरी त्याचा हात हलला नाही. मोळी इंचाइंचानं खाली गेली. खाली टेकल्यावर भोंगा गप्प झाला, ढगोबाचा हात थांबला, आणि तो तसाच पुढच्या काचेवर कलंडला.

भोंगा उंचीला घाबरायचा. जन्मात दुसऱ्या मजल्याच्या वर शिडीनं गेला नव्हता. तो त्या दिवशी साठ मीटर चढला. वरून दोरीनं स्ट्रेचर सोडेपर्यंत दोन तास गेले.

रुग्णालयात सर्जननं पोटाला हात लावला आणि लगेच सांगितलं, "आतडं फुटलंय. काढावंच लागेल, आत्ता." बायको स्ट्रेचरला धरून चालत होती. ढगोबानं तिचा हात ओढला.

"अगं, डब्याचं... आईला सांग, डबा..."

"आणते हं. डबा आणते. आधी बरे व्हा. अजिबात तिखट घालणार नाही, शपथ."

त्यानं पुन्हा तोंड उघडलं. तोवर दार आलं आणि ती बाहेर राहिली.

मला कापून काढलं. बरोबर दीड मीटर आतडं. आधी एका ट्रेमध्ये ठेवलं, मग या बरणीत. मला वाटलं, गुन्हेगार बाहेर गेला, आता तो वाचेल. पण मी पाडलेल्या भोकातून आतली घाण सगळ्या पोटात पसरली होती, आणि बाकीच्या अंगातले माझे भाऊबंद बिथरले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. मला हे कसं कळलं? प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ फॉर्मवर बघत म्हणाला, "हा पेशंट गेला ना? मग रिपोर्टची घाई नाही."

इथल्या डॉक्टरबाईंनी घाई नसताना नीट काम केलं. माझे पातळ काप काढले, गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवले आणि भिंगाखाली धरले. भिंतीत दाटीवाटीनं घुसलेला मी त्यांना दिसलो. मुद्देमालासकट सापडलेला चोर कसा दिसेल, तसा.

तुम्ही हे ऐकताय म्हणून हात जोडून सांगतो, म्हणजे हात असते तर जोडले असते. रक्त दिसलं तर पाणी ओतून बाहेर येऊ नका. घरात सांगा, डॉक्टरांना सांगा, चारदा विचारा. आणि औषध सुरू असताना सांगणारा गप्प झाला, तर तुम्ही गप्प बसू नका. दुसरं दार ठोठावा. पोट ही पुष्कळ गोष्टी ठेवायची जागा आहे, पण ही गोष्ट तिथं ठेवू नका.

तीन आठवड्यांनी, काल, ती आली. रिपोर्ट न्यायला. सोबत भोंगा होता. बरणीतून मला दिसतं, म्हणून मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. चौदा वर्षं जिच्या हातचं जे काही थोडंफार माझ्यापर्यंत पोचलं ते खाल्लं, ती ही. लहानखुरी बाई, बोटांवर सुया टोचल्याच्या खुणा, केस ओढून बांधलेले. तिनं पाकीट हातात घेतलं, पण उघडलं नाही.

"डॉक्टर, एक विचारू? हे जेवणानं झालं का? मी तिखट कमी केलं होतं. पण आधीची कितीतरी वर्षं घालतच होते."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "नाही. हा आजार जेवणानं होत नाही. त्यांचा स्वतःचा पहारा उलटला होता. तुमच्या हातून काहीही झालेलं नाही."

"हे लिहून द्याल का?"

"रिपोर्टमध्ये असं लिहीत नाहीत. तपासणीत काय दिसलं, तेवढंच लिहितात."

"मग काय दिसलं नाही तेही लिहा. घरी आई रोज म्हणतात, मी मारलं त्यांच्या मुलाला."

भोंगा इतका वेळ दाराशी उभा होता. तो पुढे आला. त्याचा तो आवाज, तो पार बसला होता.

"वहिनी, डबा मी खायचो."

"काय?"

"बारा वर्षं. तो वर जेवायचाच नाही. तुमचा डबा मी खायचो, आणि मला कधी साधं अपचन झालं नाही. तेच अन्न, वहिनी."

ती स्टुलावर बसली. "आणि जेवणानं नाही होत, हे त्यांना माहीत होतं?"

भोंग्यानं खाली बघत मान हलवली. "डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याला. त्यानं मला सांगितलं. मी म्हटलं, घरी बोल. तो म्हणाला, बोलतो बोलतो."

तिचे डोळे फळीवर फिरत फिरत माझ्या बरणीवर आले, चिठ्ठीवरचं नाव वाचून थांबले. मला वाटलं, आता रडेल, किंवा बरणी उचलून फेकेल. तिनं फेकली असती तर मी ते आनंदानं सोसलं असतं. त्याच्या बाजूनं मी एकच सांगू शकलो असतो, की शेवटच्या घटकेला ते वाक्य पुन्हा गळ्यापर्यंत आलं होतं. पण तेवढ्यानं काय होतं?

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट मागून घेतला, पेनानं खाली एक ओळ लिहिली आणि सही केली.

"शिक्काही मारा," ती म्हणाली.

त्यांनी शिक्का मारला. भोंगा हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, आईंना आता हे... म्हणजे त्यानं लपवलं, हे कळलं तर..."

"कळू दे. मीही गप्प बसले तर मग काय राहिलं?" तिनं कागद दोन्ही हातांत धरला. "त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. मोठ्यानं वाचून दाखवायला हवं."

आणि तिथंच उभी राहून ती वाचायला लागली, "हा आजार रुग्णाच्या आहारामुळे..." आवाज चिरकला. ती थांबली, घसा साफ केला, आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचू लागली.